मानपत्रातली सातवी ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, ज्यांना या व्यवसायातला लहानथोर प्रत्येक जण नुसतं ‘साहेब’ म्हणतो ते ज्येष्ठ दिग्दर्शक. छेचाळीस वर्षं पडद्यावर काढून आज निरोप घेणाऱ्या सत्कारमूर्ती, आपल्या बाई. व्यासपीठावरचे निर्माते, वितरक आणि सत्कार समितीचे कार्यवाह. समोर बसलेले रंगभूषेतले, वेशभूषेतले, कॅमेऱ्याचे, ध्वनीचे माझे जुने सोबती. अभिनय वर्गाचे विद्यार्थी, आणि रसिकहो,

आधी एक खुलासा. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मानपत्राचे वाचन’ असं छापलं आहे. मानपत्र माझ्या हातात आहे. कागद जाड आहे, कड सोनेरी आहे, ओळी अकरा आहेत. समितीनं कष्ट घेतलेत, त्याबद्दल आभार. मी ते वाचणारही आहे, पण सहाव्या ओळीपर्यंत. सातवी ओळ मी वाचणार नाही, आणि का वाचणार नाही एवढंच सांगायला मी उभा आहे. वय अठ्ठ्याहत्तर. या वयात माणूस सरळ चालत नाही आणि सरळ बोलतही नाही, तेव्हा दोन-चार वळसे सहन करा.

मला या व्यवसायात ‘मास्तर’ म्हणतात. मी शाळेत एक दिवससुद्धा शिकवलेलं नाही. शिकलो मात्र जीव लावून, आणि तेही एकच विषय. कवितेचा तास! दुपारची वेळ, खिडकीतून तिरपं ऊन, हवेत खडूची भुकटी, आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात म्हणतोय. अर्थ कुणाला कळत होता? पण ओळ संपताना सगळा वर्ग एकदम खाली यायचा, जशी झोक्याची फळी खाली येते. गणिताच्या तासालासुद्धा माझे ओठ हलत असायचे. गुरुजी म्हणायचे, ‘ओळ अशी असावी की ऐकणाऱ्यानं पाठ करायचं ठरवलं नाही तरी ती पाठ व्हावी.’ मी ते वाक्य उराशी धरलं. अनुप्रास, यमक, तोल... माझं सगळं आयुष्य या तीन खुंट्यांवर टांगलेलं आहे. पुढे साहेबांनी मला संवादलेखक म्हणून हाताखाली घेतलं. संवाद लिहायचे, कलाकारांकडून पाठ करून घ्यायचे, चित्रपटाच्या जाहिरातीचा मजकूर लिहायचा, आणि कुणी नसेल तेव्हा ऑफिसातला फोनही घ्यायचा. साहेबांचे अकरा चित्रपट मी लिहिले. हे अभिमानानं सांगत नाही. हे सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं बोलायचा मला हक्क राहत नाही.

तर, पहिल्या सहा ओळी. बाईंचा जन्म साध्या घरात झाला, वडील लवकर गेले, आईनं शिवणकाम करून दोन लेकरं वाढवली, थोरल्या लेकीनं विसाव्या वर्षी कॅमेऱ्यापुढे पाऊल ठेवलं, बासष्ट चित्रपट केले, चार मालिका केल्या. हे सगळं खरं आहे. टाळ्या वाजवा. शेवटच्या मालिकेबद्दल मानपत्र गप्प आहे, म्हणून मी सांगतो. आठशे भाग बाई त्या घरातल्या आजी होत्या. गेल्या महिन्यात लेखकांना आजी नकोशी झाली. मग एका भागात आजी म्हणाल्या, ‘मी जरा लेकीकडे राहून येते.’ त्या लेकीचा उल्लेख आठशे भागांत कधी झाला नव्हता! घरातल्या एकानंही विचारलं नाही, ‘आजी, तुम्हाला लेक कधी झाली?’ बाई पिशवी घेऊन दाराबाहेर गेल्या आणि मालिका पुढे चालू राहिली. हसा. बाईसुद्धा हसल्या होत्या. मला फोनवर म्हणाल्या, ‘मास्तर, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला वेळेवर घरी सोडलं.’

आता सातव्या ओळीकडे येतो. ती तुम्हाला पाठ आहे. मी न वाचतादेखील तुमच्या ओठांवर आली असेल, कारण अर्ध्या तासापूर्वी याच व्यासपीठावर विद्यार्थ्यांनी तिचं नाटुकलं करून दाखवलं. एका मुलीच्या डाव्या कानाला फोन लावला होता आणि त्यातून आई हाक मारत होती. उजवीकडे कॅमेरा. मुलीनं डोळ्यांत पाणी आणलं, फोन खाली ठेवला, आणि कॅमेऱ्याकडे वळून खळखळून हसली. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात. मी बसून राहिलो. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘गुडघे का हो?’ गुडघे ठीक आहेत. मला किळस आली. मुलांनो, तुमची नाही. तुम्हाला जे शिकवलं ते तुम्ही चोख केलंत. किळस माझी मला आली, आणि रागावू नका, थोडी या सभागृहाचीही आली.

कारण आपल्या व्यवसायात कुणाची कारकीर्द सांगायला माणूस उभा राहिला की तो काय सांगतो? अमक्यानं एकशेतीन ताप अंगात असताना गाणं पुरं केलं. तमकी पाय मोडलेला असताना प्लास्टरवर घागरा नेसून नाचली. कुणी सकाळी मुलाला स्मशानात पोचवून आला आणि दुपारी विनोदी प्रवेश केला. याला आपण निष्ठा म्हणतो आणि डोळे पुसतो. पण मला सांगा, त्या दिवशी त्यांना सुट्टी कुणी नाकारली? ताप दिसत होता ना? मग ‘घरी जा’ असं कोण म्हणालं नाही? आपल्या निष्ठेच्या गोष्टींत नाकारणाऱ्याचं पात्रच नसतं. मी चाळीस वर्षं पात्रं लिहिली, आणि ते एक पात्र मी दरवेळी गाळलं. आज लिहितो.

एक्केचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं ते जिन्यावरचं हसू. लाकडी जिना, वर रंगीत काचांची खिडकी, आणि तिच्या मागे दिवा ठेवून केलेलं सकाळचं ऊन. आमच्या सेटवर सकाळ झाली की पॅकअप होईपर्यंत सकाळच असायची. ताज्या रंगाचा वास, सुताराच्या भुशाचा वास, किटलीतल्या उकळून काळ्या झालेल्या चहाचा वास! मला अजून स्वप्नात येतो, आणि जाग आल्यावर वाईट वाटतं की स्वप्न सुंदर होतं. बाई पंचवीस वर्षांच्या. प्रवेश एवढाच की नायिकेला एका भाबड्या माणसाचं प्रेमपत्र आलंय, ती ते जिन्यावर उभी राहून वाचते, आणि हसत हसत पायरीवर बसते. पत्र मी लिहिलेलं, मुद्दाम अलंकारांनी लादलेलं.

आता हसण्याचं दृश्य कसं घेतात ते रसिकांना ठाऊक नसेल. रडायला ग्लिसरीन आहे, हसायला काही नाही. हसू दुसऱ्याचं लागतं. म्हणून अशा शॉटला सगळं युनिट कॅमेऱ्यामागे उभं राहून आधी हसायला लागतं, दिवे धरणारेसुद्धा, आणि त्यातून कलाकाराला हसू फुटतं. त्या दिवशी आम्ही बारा-चौदा जण असेच उभे होतो.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ऑफिसात फोन वाजला. मी घेतला. पलीकडे कोवळा आवाज. ‘मी त्यांचा धाकटा भाऊ बोलतोय. आईला इस्पितळात आणलंय. डॉक्टर म्हणतात, कुणाला बोलवायचं असेल तर आत्ताच बोलवा. ताईला सांगता ना?’

मी म्हणालो, ‘सांगतो.’

नियम असा होता की चालू शॉटमध्ये कलाकाराला फोनवर बोलवायचं नाही, निरोप लिहून साहेबांकडे द्यायचा. कलाकाराचं चित्त ढळू नये म्हणून. नियम सगळ्याच स्टुडिओंत होता, त्यात नवल नाही. मी लिहून साहेबांना दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं.

‘दोन-तीन टेकचं काम आहे. मग सांगू.’

‘साहेब, इस्पितळ गाडीनं पंचवीस मिनिटांवर आहे.’

‘मास्तर, ती रडून आली की दोन दिवस डोळे सुजलेले राहतील. आणि उद्या हा जिना नसेल. संध्याकाळी सेट मोडायचाय, सकाळी दुसरं युनिट येतंय. आजारी माणूस चार तास थांबतो हो. सेट थांबत नाही.’

साहेब, तुम्ही मान हलवताय. शब्द इकडे तिकडे झाला असेल तर सांगा. मी संवादलेखक आहे, मी शक्यतो संवाद विसरत नाही.

तासाभरात सगळ्या युनिटला कळलं होतं. सगळ्यांना, एका माणसाला सोडून. आणि आम्ही हसत होतो. दर टेकला साहेब हात वर करायचे आणि आम्ही हसायचो, तोंडं उघडून, पोट धरून. बाईंना वाटायचं, आज सगळे किती रंगात आहेत! एका टेकनंतर त्या म्हणाल्यासुद्धा, ‘अरे, तुम्ही सगळे आज जरा जास्तच हसताय. मी ओळ विसरले की काय?’ फक्त रंगभूषा करणारी हसली नाही. तिनं पावडरचा डबा खाली ठेवला आणि साहेबांना म्हणाली, ‘तिच्या तोंडाला मी हात लावते, मला हे जमायचं नाही.’ ती बाहेर निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या युनिटमध्ये नव्हती. तिचा सत्कार कुणी केला नाही. तिच्या गोष्टीला निष्ठा म्हणत नाहीत.

साडेबाराला पुन्हा फोन. ‘निरोप पोचला का?’

आता ऐका. यासाठीच मी उभा आहे. मी म्हणालो, ‘पोचला.’

का म्हणालो? पोरगा रडवेला होता, त्याला धीर यावा म्हणून? की ‘साहेबांनी खिशात ठेवलाय’ असं सांगायची लाज वाटली म्हणून? एक्केचाळीस वर्षं मी दोन्ही उत्तरं फिरवून फिरवून पाहिली. दुसरंच खरं आहे.

सव्वादोनला तिसरा फोन. ‘काय म्हणाली ताई? आई सारखी विचारतेय.’

आणि मी संवादलेखक! पात्राच्या तोंडी वाक्य घालणं हा माझा धंदा. मी म्हणालो, ‘त्या म्हणाल्या, एवढा शॉट झाला की येते.’

फोन जिथे होता तिथून सेट पंधरा पावलांवर. दार उघडं होतं. नेमका तेव्हा टेक सुरू झाला आणि हसण्याचा लोट ऑफिसात शिरला.  मग तो म्हणाला, ‘मागे कोण हसतंय?’ मी दार लोटायला हात लांबवला, पोचला नाही. तो म्हणाला, ‘ताईच आहे ना?’ बहिणीचं हसू भावाला ओळखू येणार नाही? मी म्हणालो, ‘हो.’

त्यानंतर फोन आला नाही.

बाईंना कळलं पावणेपाचला. साहेबांनी खांद्यावर हात ठेवून हळुवारपणे सांगितलं, शॉट समजावून द्यावा तसं. बाई त्याच कपड्यांत, तोंडावर तोच रंग घेऊन गेल्या. पोचल्या तेव्हा भाऊ दारात उभा होता. तिच्या गालांवरचा रंग त्यानं पाहिला आणि तो बाजूला झाला. एवढंच मला माहीत आहे. बाईंनी याहून जास्त कधी सांगितलं नाही.

हे इथेच संपलं असतं तर ते एका घरातलं दुःख राहिलं असतं. पुढचं पाप माझ्या लेखणीचं आहे. चित्रपट लागायच्या आधी साहेब म्हणाले, ‘मास्तर, त्या दिवसावर बाईंच्या नावानं चार ओळी लिही. लोकांना भिडेल.’ मी रात्रभर नाही, उगाच मोठेपणा कशाला, दहा मिनिटांत ओळ लिहिली. चहा गार व्हायच्या आत. ‘एका कानी आईची हाक, दुज्या कानी कलेची साद; आणि मी कलेकडे वळले.’ लिहून झाल्यावर मी ती दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिली. काय तोल! एकीकडे हाक, दुसरीकडे साद. दिवसभर माझे ओठ हलत राहिले, गणिताच्या तासाला हलायचे तसे. गुरुजी असते तर त्यांनी पाठ थोपटली असती असं वाटलं. आणि ओळ त्यांनी सांगितल्याप्रमाणेच निघाली. कुणी पाठ करायचं ठरवलं नाही, तरी साऱ्यांना पाठ झाली.

जाहिरातीत छापून आल्यावर बाई माझ्या खोलीत आल्या. हातात कागद. म्हणाल्या, ‘मास्तर, हे मी कधी बोलले?’

मी म्हणालो, ‘बाई, शब्द माझे असतील, भाव तोच आहे.’

‘कुणाचा?’ एवढंच विचारलं त्यांनी, आणि गेल्या.

तुम्ही म्हणाल, मग बाईंनी खोडून का काढलं नाही? काढलं. पहिल्या पारितोषिकाच्या वेळी व्यासपीठावरून स्वच्छ म्हणाल्या, ‘मला निरोप मिळाला नव्हता. मिळाला असता तर मी हसले नसते, पळाले असते.’ सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला! लोकांना वाटलं, किती विनय! दुसऱ्यांदा एका मुलाखतीत सांगितलं. मुलाखतकारानं डोळे पुसले आणि म्हणाला, ‘थोर माणसं स्वतःचा त्याग असाच लपवतात.’ तिसऱ्यांदा त्या गप्प राहिल्या, तर त्यालाही टाळ्या. सांगा, काय करावं माणसानं? बाईंना खोटं कुणी म्हणत नव्हतं, पण त्यांचं खरंही कुणी ऐकत नव्हतं. आणि भाऊ? त्याला त्या सांगायला गेल्या तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, मी फोनवर ऐकलंय. निरोप पोचला, तू येते म्हणालीस, आणि तू हसत होतीस. आता तूच छापूनही दिलंयस.’ त्यानं दार लावलं. ते दार एक्केचाळीस वर्षं लावलेलं आहे.

क्षमा असावी, मला एक चिठ्ठी आली आहे. समितीचे कार्यवाह लिहितात, ‘वेळ संपली, आवरते घ्यावे.’ बघा, आज चिठ्ठी किती झटकन पोचली! आवरतो. पण मधेच माइक बंद केलात तरी माझा आवाज शाळेत कमावलेला आहे, शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

पंधरा दिवसांपूर्वी समितीनं हे मानपत्र माझ्याकडे शुद्धलेखन पाहायला पाठवलं. त्याच संध्याकाळी बाईंचा फोन. ‘मास्तर, बाकी काही लिहा. ती ओळ नको.’ मी समितीकडे गेलो. समिती म्हणाली, ‘अहो, लोक तीच ऐकायला येतात!’ मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, ‘आता दंतकथा झालीय ती. दंतकथेत हात घालू नये.’ मग मी पहिल्यांदा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, जिथे जायला हवं होतं तिथे गेलो.

धाकट्या भावाचं चष्म्यांचं दुकान आहे. आता साठीला आलेत. मागच्या बाजूला काच घासायचं चाक आहे, त्याच्यापुढे ते बसले होते. मी म्हणालो, ‘त्या दिवशीचे तिन्ही फोन मी घेतले होते. तुमच्या ताईंना निरोप पोचला नव्हता, तो साहेबांच्या खिशातच राहिला. “येते” असं त्या म्हणाल्या नव्हत्या. ते मी म्हणालो होतो.’

त्यांनी चाक थांबवलं नाही. हातातली काच पुरी केली, फडक्यानं पुसली, उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, ‘समोर सलून दिसतंय? तुमचा तो कागद तिथे सहा महिने टेबलावर पडला होता. दाढीला आलेला प्रत्येक गिऱ्हाईक वाचायचा आणि इकडे बघून म्हणायचा, धन्य तुझी बहीण! मी एकोणीस वर्षांचा होतो. आईच्या उशाशी मी एकटा होतो.’

मी म्हणालो, ‘मला माफ करा.’

‘बंद दुकानात माफी कोणीही मागतो, मास्तर. चारचौघांत छापलंत ना? मग चारचौघांत सांगा. तो तुमचा साहेब व्यासपीठावर असताना सांगा. मी येईन. ऐकेन. मग बघू.’

ते आले आहेत. कुठे बसलेत ते मी दाखवणार नाही, त्यांना तुमची नजर नको आहे.

तेव्हा त्यांना, आणि तुम्हालाही, आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. दुकानात माझा धीर झाला नाही. चित्रपटात तुम्ही जे हसू पाहता, ज्याच्यावर वर्गांत व्याख्यानं होतात, तो तिसरा टेक आहे. संकलनाच्या टेबलावर मी साहेबांच्या शेजारी होतो, दर टेकआधी कॅमेऱ्यापुढे धरतात त्या पाटीवरचा आकडा मी पाहिला. तिसरा टेक घेतला साडेअकराच्या सुमाराला. फोन आल्यानंतर वीस मिनिटांनी. शॉट झाला होता! साहेबांना आवडलाही होता. पण आपल्याकडे एक सवय आहे. काम मनासारखं झालं की दिग्दर्शक म्हणतो, ‘छान. आणखी एक घेऊन ठेवू, खबरदारी म्हणून.’ तो एक, मग वरून एक, मग बाजूनं एक, मग पुन्हा जवळून एक. पावणेपाचपर्यंत एकोणीस टेक घेतले. तिसऱ्यानंतरचा त्यातला एकही चित्रपटात नाही. सोळा वेळा आम्ही त्या मुलीला तिच्या आईपासून खबरदारी म्हणून अडवून ठेवलं. कलेनं तिला कसलीही साद घातली नव्हती हो. कलेचं काम साडेअकरालाच आटोपलं होतं.

मला किळस येते ती याची. क्रौर्य म्हणावं तर तेवढीही त्यात गंभीरता नाही. सवय, नुसती सवय. आणि त्या सवयीवर मी यमकाचा वर्ख लावला.

कोण? हो, बोला. उभे राहू नका, बसूनच बोला. मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. धाकटे बंधू विचारतायत, तिला नक्की कधी सांगितलं?

पावणेपाचला.

ते म्हणतात, आई चारला गेली.

हो. चारला.

ते विचारतात, म्हणजे मी तिसरा फोन केला तेव्हा ती जे हसत होती, तेव्हा तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं?

नव्हतं. दादा, तुम्ही माझ्यापेक्षा लहान आहात, तरी दादाच म्हणतो. आई आजारी आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. त्या सकाळी घरून निघाल्या तेव्हा आईनं त्यांना डबा दिला होता. दुपारी त्यांनी तो उघडून आम्हाला दिला. आईनं दिलेलं खाऊन आम्ही परत हसायला उभे राहिलो.

टाळ्या नकोत. कृपा करा, कुणी वाजवत असेल तर हात खाली घ्या. ही टाळ्यांची जागा नाही.

आता रीतीप्रमाणे आभार. समितीनं मला बोलावलं, तिला पुढच्या वेळी सुबुद्धी होईल. साहेबांनी एवढा वेळ माइक चालू ठेवला, त्यांचेही आभार, मनापासून. ते मला थांबवू शकले असते. मुलांनो, तुमचं नाटुकलं पुन्हा करणार असाल तर एक पात्र वाढवा, खिशात चिठ्ठी ठेवणारं, आणि एक फोनवर खोटं बोलणारं. दुसरं कुणाला करायचं नसेल तर मला बोलवा.

अशा वेळी वक्ता म्हणतो, बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. माझं मागणं उलटं आहे. पोटात घालू नका. ती ओळ जशी चारचौघांत म्हणत होता तसंच हेही म्हणत सुटा. हे पाठ होणार नाही, यात यमक नाही, पण प्रयत्न करा. उणं बोललो असेन तर ते एक्केचाळीस वर्षांचं आहे, त्याची क्षमा मागायची माझी जागा ही नाही.

धाकटे बंधू उठले आहेत. ते दाराकडे जात नाहीयेत, इकडे पायऱ्यांकडे येतायत. त्यांनी हाक मारली, तुम्ही ऐकलीत. ‘ताई, चल.’

बाई उठल्या आहेत.

अध्यक्षमहाराज, मानपत्र प्रदान करायचं बाकी आहे हे मला ठाऊक आहे. फोटोही बाकी आहे. पाच मिनिटांचंच काम आहे, तेही ठाऊक आहे. साहेब, त्यांचा हात सोडा. त्यांना घरून बोलावणं आलं आहे.